स्वतःचे पैसे बुडालेला माणूस दुसऱ्याला काय सल्ला देणार?

"मॅडम, मला स्वतःचे पैसे सांभाळता आले नाहीत. आता मी लोकांना शिकवायला निघालो तर लोक काय म्हणतील?"

करिअरबद्दल बोलायला माझ्याकडे आलेले हे गृहस्थ ४७ वर्षांचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नाशिकजवळच्या सातपूरच्या एका कारखान्यात २२ वर्षं स्टोअर्स सांभाळलं. कारखाना बंद पडला. हिशेबाचे पैसे हातात आले ते व्याज जास्त म्हणून ओळखीच्या पतसंस्थेत ठेवले आणि वर्षभरात तिथे टाळं लागलं. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे त्यांना तेव्हा कळलं. त्याच पावसाळ्यात वडील गेले.

आता त्यांना आर्थिक नियोजनकार व्हायचं होतं.

या वयात क्षेत्र बदलू पाहणारी माणसं वयाची भीती बोलून दाखवतात. लाज मात्र आत दडलेली असते. म्हणून पहिल्या दोन भेटींत मी करिअरचा विषयच काढला नाही. बुडालेला खरा आकडा त्यांनी बायकोलासुद्धा सांगितला नव्हता, अर्धाच सांगितला होता. मी म्हटलं, आधी तो घरी सांगा. पंधरा दिवस लागले त्यांना. त्या रात्री दोघंही जेवले नाहीत, पण सकाळी बायकोनेच वही काढून घरखर्च मांडायला घेतला.

मग मी विचारलं, "तुम्हाला लोकांचे पैसे वाचवायचेत, की स्वतःचे परत मिळवायचेत?"

बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "दोन्ही."

उत्तर प्रामाणिक होतं आणि म्हणूनच मला काळजी वाटली. पैशाची घाई असलेला माणूस या व्यवसायात आला की आधी नातेवाइकांच्या गळ्यात पॉलिसी मारतो. त्यामुळे आम्ही गणित कागदावर मांडलं. म्युच्युअल फंड वितरक, म्हणजे कमिशनवर फंड विकणारा, व्हायला एनआयएसएम या संस्थेची परीक्षा द्यावी लागते; ती १०० गुणांची, ५० ला पास. ती अवघड नाही. पण लोकांचे १ कोटी रुपये तुमच्यामार्फत गुंतले आणि कमिशन पाऊण टक्का धरलं, तरी वर्षाचे ७५,००० होतात, म्हणजे महिन्याला सव्वासहा हजार. शिवाय वितरकाला 'सल्लागार' अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी वेगळ्या दोन परीक्षा आणि सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी लागते. मग कमिशन नाही, फक्त फी.

हे ऐकून ते खचतील असं मला वाटलं होतं. उलट त्यांनी एका गोदामात हिशेबाची नोकरी धरली आणि अभ्यास रात्री सुरू केला. पहिलं वर्ष नातेवाइकांना काही विकायचं नाही, एवढी एक अट मी घातली.

वितरकाची परीक्षा ते पास झाले. सल्लागाराच्या पहिल्या प्रयत्नात चुकीच्या उत्तरांचे गुण कापले जाऊन नापास झाले. मधल्या काळात एक जुना सहकारी दुसऱ्या कंपनीत नोकरीत असताना वारला. त्याच्या पत्नीला भविष्य निर्वाह निधीबरोबर मिळणाऱ्या विम्याची, ७ लाखांपर्यंतच्या त्या रकमेची कल्पनाच नव्हती. यांनी फॉर्म भरून दिले, दोनदा तिच्याबरोबर कार्यालयात गेले. त्यात कमिशनचा प्रश्नच नव्हता. तिला सगळ्यात आधी त्यांनी पतसंस्थेची स्वतःची गोष्ट सांगितली होती, पूर्ण आकड्यासकट.

पतसंस्थेचे पैसे अजून मिळालेले नाहीत. पुढच्या महिन्यात ते पुन्हा परीक्षेला बसणार आहेत.