शरणार्थी, निर्वासित की निराश्रित?

खानापूरहून एका वाचकाने विचारलंय: युद्धाच्या बातम्यांत त्याच माणसांना कुठे 'शरणार्थी', कुठे 'निर्वासित', तर कानडीवरून केलेल्या मजकुरात 'निराश्रित' म्हणतात. बरोबर कोणता?

बातमीत 'निर्वासित' लिहावं. राहत्या जागेतून ज्याला घालवलं तो निर्वासित. कोणीतरी घालवलंय, हे शब्दच सांगतो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांसाठीही मराठीने हाच वापरला. 'शरणार्थी' हिंदीतून जास्त ऐकू येतो. चूक नाही, पण 'शरण जाणे' म्हणजे हार मानणे, तो सूर मराठी कानाला खटकतो.

'निराश्रित' ही खास आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातली गफलत. कानडीत 'निराश्रितरु' म्हणजे निर्वासितच. मराठीत मात्र ज्याला कोणी वाली नाही तो निराश्रित, मग तो स्वतःच्या गावात का असेना. कर्नाटकातल्या मुंडगोडची तिबेटी निर्वासितांची वसाहत १९६६ पासूनची. शेती आहे, मोठे मठ आहेत. तिथल्या माणसांना निराश्रित कसं म्हणणार? पुराच्या बातमीतलं 'संत्रस्तरु' असंच जसंच्या तसं उतरतं. तिथे 'पूरग्रस्त' हवं.

ज्याच्या आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागायचाय तो 'आश्रयार्थी', किंवा सरळ 'आश्रय मागणारा'. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची रास्त भीती असेल आणि माणूस आपल्या देशाबाहेर असेल तर निर्वासित, असं निर्वासितांविषयीचा १९५१चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. आश्रय मागणं हा गुन्हा नाही, म्हणून 'बेकायदा आश्रयार्थी' हा शब्दप्रयोगच चुकीचा. भारताने त्या करारावर सही केलेली नाही आणि इथे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तेव्हा 'निर्वासित दर्जा मिळाला' लिहिताना नोंद सरकारने केली की संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने, हे लिहायलाच हवं.

सर्वांत जपून वापरायचा शब्द 'घुसखोर'. लाचखोर, भांडखोर, चुगलखोर यांतला 'खोर' माणसाची खोड सांगतो. घुसखोरांसाठीच्या कानडी 'नुसुळुकोररु'मधला 'कोर'ही तोच. चौकशी व्हायच्या आधीच बातमीने स्वभाव ठरवून टाकलेला असतो.

आणि 'लोंढा' पाण्याचा. मलप्रभा नदीच्या लोंढ्याला कोणी नाव-गाव विचारत नाही. तो अडवायचा, एवढंच मनात येतं. समजा मथळा आहे, 'सीमेवर निर्वासितांचा लोंढा'. तो असा करावा: 'सीमेवर दोन हजार निर्वासित, निम्मी मुलं'. आकडा हाती नसेल तर नुसतं 'सीमेवर निर्वासितांची गर्दी'.