शून्याचे २० टक्के

बार्शीच्या एकांनी विचारलंय, "कोरोनाच्या काळात छोट्या धंदेवाल्यांसाठी सरकारने ज्या मदत योजना काढल्या, त्यांचा खरंच उपयोग झाला का? मी रेडिमेड कपड्यांचं दुकान टाकतोय. पुन्हा अशी वेळ आली तर मदत मिळावी म्हणून आधीपासून काय करून ठेवावं?"

उपयोग झाला. ज्याच्या नावावर कर्ज होतं त्याला झाला. ज्याने कर्ज फेडून टाकलं होतं तो बाहेर राहिला. आम्ही बाहेर राहिलो, तेही नऊ दिवसांच्या फरकाने. म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे. तेव्हा आठ माग होते, अकरा कामगार. वडील गेल्यापासून थोरला भाऊ अण्णा माग आणि माणसं बघतो, वह्या आणि बँक माझ्याकडे. वडिलांच्या काळात एकदा हप्ते थकले होते आणि वसुलीची माणसं घरी आली होती. सगळी गल्ली दारात उभी राहून बघत होती. मी शाळेत होतो. अण्णा नुकताच कारखान्यात बसायला लागला होता आणि त्या माणसांना पाणी त्यानेच दिलं होतं. कर्जाचं नाव काढलं की त्याचा चेहरा अजून तसाच होतो. हे मला कळत नाही असं नाही.

२०१९ च्या दिवाळीनंतर आम्ही होटगी रोडकडचा प्लॉट विकायला काढला. व्यवहार फेब्रुवारीत पुरा झाला, १७ लाख आले. बँकेत आमचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट खातं होतं, माल बघून ठरलेल्या लिमिटपर्यंत लागतील तसे पैसे उचलायचे आणि भरायचे. त्याचं लिमिट १५ लाखांचं, त्यावर १४ लाख बाकी. मी म्हटलं, नऊ लाख भरू, खातं चालू ठेवू, आठ लाख हातात राहतील, सूत रोखीने घेऊ म्हणजे भावही उतरून मिळेल. अण्णा म्हणाला, "कर्ज फिटतंय तर फेडायचं बे. त्यात हिशेब कसला करतोस?" तीन दिवस घरात हेच चाललं. शेवटी २० फेब्रुवारीला आम्ही सगळी बाकी भरली, खातं बंद केलं, जागेचे कागद पिशवीत घालून घरी आणले. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. अण्णा पहाटे सिद्धेश्वराला गेला, तळ्याच्या कडेला बराच वेळ बसून राहिला आणि घरी आल्यावर वहिनींना म्हणाला, आज पहिल्यांदा देवासमोर मोकळ्या डोक्याने उभा राहिलो. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

महिन्याभरात माग थांबले. टॉवेलचे गठ्ठे छतापर्यंत लागलेले, चाटी गल्लीचा कापडबाजार बंद, बाहेरगावचे व्यापारी फोन उचलेनात. गृहमंत्रालयाचा २९ मार्चचा आदेश होता की कामगारांचा पगार कापायचा नाही. तो १८ मेपासून उठला, पण तोवरचा पगार कुठून द्यायचा हे त्यात नव्हतं. उरलेल्या तीन लाखांतून अण्णाने एप्रिलचा पगार पुरा दिला, मेचा निम्मा. आमच्याकडच्या कामगारांपैकी बहुतेकांच्या घरी बायका विड्या वळतात. विडी कारखानेही बंद होते, म्हणजे घरात येणारे दोन्ही पैसे एकाच दिवशी थांबले. रेशनचा माणशी पाच किलो मोफत तांदूळ आणि बाईच्या जनधन खात्यात तीन महिने आलेले ५००-५०० रुपये, यावर माणसांनी दिवस काढले.

१३ मेला अर्थमंत्र्यांनी तीन लाख कोटींच्या विनातारण कर्जाची घोषणा केली. टीव्हीसमोर बसून मी वहीत लिहून घेतलं. तारण नको, प्रोसेसिंग फी नाही, हमी सरकारची, मुदत चार वर्षं, पहिले बारा महिने मुद्दल भरायची नाही, बँकेचं व्याज सव्वानऊ टक्क्यांच्या वर नाही. शेजारच्या कारखानदाराला तर बँकेतूनच फोन आला. त्याची २२ लाख बाकी होती, त्याला चार लाख चाळीस हजार मंजूर झाले. मी मास्क बांधून आमच्या जुन्या शाखेत गेलो. साहेबांनी काचेपलीकडून खातं बघितलं आणि विचारलं, "२९ फेब्रुवारीला तुमची बाकी किती होती?" मी म्हटलं, काहीच नव्हती, आम्ही सगळं फेडलंय. ते म्हणाले, "मग त्याचे २० टक्के किती होतात, तुम्हीच सांगा."

साहेबांचं चुकलं नव्हतं, नियमच तसा होता. २९ फेब्रुवारी २०२० ला जी बाकी असेल तिच्या २० टक्क्यांपर्यंत नवीन कर्ज. हप्ते साठ दिवसांपर्यंत थकलेलाही त्यात बसत होता. पै न् पै चुकवलेला बसत नव्हता. मला हा नियम तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. मदत लवकर पोचावी म्हणून बँकेत आधीपासून असलेल्या खात्यांवरून ती वाटली हे समजतं, पण मग तिला धंदेवाल्यांची मदत म्हणू नये, कर्जदारांची म्हणावी. नवीन कर्जाला अर्ज करा असं साहेब म्हणाले, केलाही. जागेचं मूल्यांकन, वकिलाचा सर्च रिपोर्ट, स्टॉक स्टेटमेंट. सगळी ऑफिसं निम्म्या माणसांवर चालत होती आणि आमचा स्टॉक म्हणजे न विकलेले टॉवेल. चार महिने फाईल हलली नाही.

बाकीच्या सवलतींचंही असंच. पीएफचा मालकाचा आणि कामगाराचा मिळून २४ टक्के हिस्सा सरकार भरणार होतं, मार्च ते ऑगस्ट. पण पीएफ लागू होतो वीस कामगारांपासून, आमचे अकरा. हप्ते पुढे ढकलायची मुभा होती, आधी मेअखेर आणि मग ऑगस्टअखेर. आम्हाला हप्ताच नव्हता. ज्यांनी ती घेतली त्यांचं व्याज चढत राहिलं आणि नंतर दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजावरचं व्याज परत मिळालं. २० लाखांवर नऊ टक्क्यांनी सहा महिन्यांचा हिशेब करून बघा, सतराशे रुपयांच्या आसपास येतो. विजेचा स्थिर आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी लागणारी रक्कम, तीन बिलांपुरता थांबवला होता, तो अनेकांना माफच वाटला, पण तो फक्त पुढे ढकलला होता.

एक योजना मात्र माझ्या डोळ्यांसमोर नीट चालली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकतात. जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आली, १० हजारांचं विनातारण कर्ज, वर्षभरात फेडायचं, वेळेवर फेडलं तर सात टक्के व्याज सबसिडी म्हणून खात्यात परत. अट एवढीच की २४ मार्चला किंवा त्याआधी तुम्ही रस्त्यावर विकत होता हे महापालिकेच्या ओळखपत्राने किंवा शिफारसपत्राने दाखवायचं. अर्ज मी भरून दिला. आधारला मोबाइल जोडलेला नव्हता, त्यासाठी दोन खेपा झाल्या, बाकी काही अडलं नाही. त्या पैशांत मावशींनी ज्वारी, शेंगदाणे आणि पॅकिंगच्या पिशव्या भरल्या. कर्ज फिटल्यावर त्यांना पुढचं २० हजारांचं मिळालं. ज्या बाईकडे गहाण ठेवायला काही नव्हतं तिला बँकेने दारात उभं केलं, यासाठी मी त्या योजनेला पूर्ण गुण देतो.

आणि आम्ही? ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्यावरचं कर्ज किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत द्यायची परवानगी बँकांना दिली, मार्च २०२१ पर्यंत. त्यात सोन्याचा भाव तेव्हा कधी नव्हता एवढा चढलेला. वहिनींनी न मागता पाटल्या आणि मोहनमाळ काढून दिली. अण्णा बँकेत आला नाही, मी आणि वहिनी गेलो. त्या पैशांत सूत आणलं, चार माग सुरू केले. उरलेले चार माग पुढच्या वर्षी भंगाराच्या भावात गेले. त्यातले दोन वडिलांनी घेतलेले होते.

अण्णाचं म्हणणं आजही तेच आहे की डोक्यावर कर्ज नव्हतं म्हणून आपण उभे राहिलो. तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो आणि त्यात तथ्य आहे, तेही सांगतो. बारा महिन्यांची सवलत संपली तेव्हा दुसरी लाट नुकती ओसरत होती. जुने हप्ते आणि नवीन हप्ते एकदम सुरू झाले, सुताचे भाव वाढलेले. त्याला रात्र रात्र झोप नव्हती. ते चार लाख चाळीस हजार कर्जच होतं, अनुदान नव्हतं, हे त्या वेळी कितीतरी जणांच्या ध्यानात आलं नाही. पण त्याचे सहाच्या सहा माग आज चालू आहेत आणि आमचे चार गेले. मी पाच लाखांची बाकी ठेवा म्हणत होतो, म्हणजे योजनेतून आम्हाला एक लाखच मिळाला असता, हेही खरं. माझा मुद्दा त्या लाखाचा नव्हताच. खातं चालू असतं तर स्टॉक बघून का होईना, जुन्या लिमिटमधून पैसे उचलता आले असते, आणि हातात तीनऐवजी आठ लाख असते. अण्णा, तू हे वाचणार नाहीस, पण कर्ज फेडणं आणि खातं बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, एवढंच मी तेव्हा सांगत होतो.

तुमच्या दुकानाचं बोलायचं तर विक्री आणि खरेदी होईल तेवढी बँकेतून करा, कारण अशा वेळी तुमचा धंदा होता याला पुरावा तोच. झेपेल एवढं छोटं सीसी लिमिट घ्या, वापरा, भरा, पण फेडलं म्हणून लगेच खातं बंद करू नका. हे ज्याला खर्चावर ताबा ठेवता येतो त्यालाच सांगतोय. लिमिट म्हणजे स्वतःचे पैसे असं वाटत असेल तर अण्णाचंच ऐका. कामगार थोडेच असतील तर दुकान कायद्याखाली नोंदणीऐवजी फक्त सूचना द्यावी लागते, ती द्या. जुलै २०२१ पासून किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करता येते. तुम्हाला त्याचा फायदा बँकांनी छोट्या धंद्यांना अग्रक्रमाने द्यायच्या कर्जापुरताच, तरी करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. आमच्याकडे एकाने तिचे दीड हजार घेतले होते, तुम्ही देऊ नका.