लेव्हीचे पाच डॉलर आणि तुझी सही

प्रश्न : मी मिरजेत एस.वाय.बी.ए. (इंग्रजी) करतोय. वडिलांचा ब्रास बँड आहे, लग्नसराईत मी ट्रम्पेट वाजवतो. ऑगस्ट विल्सन या अमेरिकी काळ्या नाटककाराचं ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ हे नाटक वाचलं आणि झोप उडाली. त्यातला ट्रम्पेटवाला लेव्ही म्हणजे मीच असं वाटलं. वरात पोचवून झाली की आम्हालाही मंडपाच्या मागे जेवायला बसवतात. कॉलेज सोडून अमेरिकेत जॅझ आणि नाटक एकत्र शिकावं म्हणतो. एक एजंट ‘सीट बुक’ करायला पंचवीस हजार मागतोय. वडील म्हणतात, आधी बँड सांभाळ. मॅडम, काय करू?

उत्तर : आधी त्या एजंटाचं बघू. पैसे देऊ नकोस आणि कुठल्याही कागदावर सही करू नकोस. तू नाटक वाचलंस, पण त्यातला कागद तुझ्या नजरेतून निसटला बघ. १९२७ सालचं शिकागो, रेकॉर्डिंगचा स्टुडिओ. मालक आणि मॅनेजर गोरे, गाणारी-वाजवणारी माणसं काळी. गायिका मा रेनी पक्की मुरलेली. कोका-कोला येईपर्यंत गात नाही, तोतऱ्या भाच्याला बोलायला मिळालंच पाहिजे म्हणून अडून बसते, आणि हक्क सोडल्याच्या कागदावर अगदी शेवटी, भाच्याचे पैसे वसूल केल्यावरच सही करते. आवाज एकदा तबकडीत गेला की आपल्याला कोणी विचारणार नाही, हे तिला ठाऊक असतं. लेव्हीपाशी चाली आहेत, नवे बूट आहेत, स्वतःचा बँड काढायचं स्वप्न आहे. पण करार नाही. शेवटी मालक त्याची गाणी पाच-पाच डॉलरला घेऊन टाकतो. तो संताप मालकावर निघत नाही, बुटावर पाय दिला म्हणून सोबतच्याच वादकावर निघतो. माझ्यासारख्या करिअरचा सल्ला देणाऱ्या बाईने हे नाटक वाचलं की ते कलावंताच्या करिअरवरचं वाटतं, त्याला काय करणार!

म्हणून ट्रम्पेटइतकाच हक्कांचा अभ्यास कर. आपल्याकडे २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी गाणं दिलं तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राहतो. चाली करायला लागलास की गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था कशी चालते ते बघून ठेव.

आता लेव्ही. त्याचे संवाद घरात मोठ्याने वाच, पाठ कर. पण प्रवेशाच्या ऑडिशनला लेव्ही घेऊन जाऊ नकोस, असं माझं मत आहे. १९९६ साली प्रिन्स्टनला केलेल्या भाषणात विल्सन यांनी ठणकावून सांगितलं होतं की काळ्यांच्या रंगभूमीला स्वतःची जागा, स्वतःचा पैसा हवा. गोऱ्यांच्या नाटकांत काळ्या नटांना भूमिका देऊन तो प्रश्न सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये वाढले, पंधराव्या वर्षी शाळा सुटली, पुढे वाचनालयात बसून शिकले. त्यांच्या दहा नाटकांच्या मालिकेतली नऊ त्या एकाच वस्तीत घडतात. शिकागोत घडतं ते फक्त हे एक. लेव्ही त्यांच्या माणसांचा; तुझं स्वतःचं म्हणजे मंडपाची मागची बाजू. तिथली पंगत, तिथली बोलणी तुझ्याइतकी कुणाला माहीत आहेत?

आणि ‘वरातीचा बँड कुठे, जॅझ कुठे’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे. जॅझच्या जन्मगावी, न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रास बँड अंत्ययात्रेत वाजायचे : जाताना संथ भजनं, परतताना नाचायच्या चाली. जॅझचा थोर ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग त्याच रस्त्यांवर वाढला. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये अमेरिकेतले काळे वादक वाजवत. ते संगीत गोव्याच्या वादकांनी आपलंसं केलं. त्यांतलाच ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांकडे काम करू लागला. ‘अलबेला’तली गाणी तू वरातीत वाजवली असशीलच.

शिक्षणाचं थोडक्यात. बी.ए. पूर्ण कर, ते सोडलंस तर पुढची बहुतेक दारं बंद. तोवर स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) आणि कॉर्ड शीक. बँडवाल्यांचा कान तयार असतो, वाचन कच्चं राहतं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडेही होतात. नाटकासाठी पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी). अमेरिका त्यानंतर. मा रेनीचं नाटक १९८४ मध्ये जिथे आधी उभं राहिलं, त्या येल विद्यापीठाचं नाट्यविद्यालय २०२१पासून कुणाकडूनच शिक्षणशुल्क घेत नाही. राहण्या-खाण्याचा प्रश्न उरतो आणि जागा फार थोड्या असतात. तू अनुसूचित जातीतला असशील, तर पदव्युत्तर शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या क्रमवारीची अट नीट वाच. यातलं काहीही एजंटाशिवाय, स्वतः अर्ज भरून होतं.

वडिलांशी भांडू नकोस. या लग्नसराईत त्यांच्या शेजारी बसून हिशेब शीक : सुपारी कितीची, इसारा किती घेतात, ट्रम्पेटवाल्याला किती आणि ढोलवाल्याला किती, पैसे बुडाले तेव्हा काय केलं. सगळं एका वहीत उतरव, त्यांच्याच शब्दांत. तुझ्या पहिल्या नाटकाचे संवाद त्या वहीत निघतील, अशी माझी अटकळ आहे. आणि एजंटाने फॉर्म दिला असेल तर त्याचा फोटो मला पाठव.