आधी तारखा, मग संहिता

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. मेहनत दिसते. पण पहिलं प्रकरण थेट अमेरिकन नाटककार युजीन ओनीलपासून सुरू होतं आणि त्याआधीची वीस वर्षं तू 'व्यावसायिक, करमणूकप्रधान रंगभूमी' म्हणून एका ओळीत उरकली आहेस. गोची तिथेच आहे. त्या काळातल्या अमेरिकन रंगभूमीवर लिहायचं तर संहिता जरा बाजूला ठेव आणि आधी हे शोध, की थिएटरच्या तारखा कोणाच्या हातात होत्या.

1896 साली सहा जणांनी मिळून 'थिएट्रिकल सिंडिकेट' काढलं. चार्ल्स फ्रोमन, क्लॉ, एर्लँगर ही त्यातली ठळक नावं. देशातलं प्रत्येक थिएटर विकत घ्यायची त्यांना गरजच नव्हती. नाटक कंपनी न्यूयॉर्कहून दूरच्या शहराकडे रेल्वेने निघाली, की वाटेतल्या गावांत प्रयोग लावत गेली तरच प्रवासखर्च निघायचा. सिंडिकेटने ती मधली गावं धरली. तिथल्या थिएटरमालकाला सबंध हंगामाची नाटकं घरबसल्या मिळू लागली. अट एकच, तारखा फक्त आमच्यामार्फत द्यायच्या. जो निर्माता हे मानणार नाही, त्याला मोठ्या शहरात थिएटर मिळालं तरी तिथवर पोचणं परवडेनासं झालं. एक नकाशा काढ, त्यावर रेल्वेमार्ग आख आणि पहिल्या प्रकरणात तोच लाव.

मिनी मॅडर्न फिस्क ही त्या काळची बडी नटी, इब्सेनची नाटकं करणारी. ती सिंडिकेटपुढे झुकली नाही, म्हणून तिला दौऱ्यावर स्केटिंगच्या हॉलमध्येही प्रयोग करावे लागले. 1906 मध्ये खुद्द सारा बर्नहार्ट ही विख्यात फ्रेंच नटी टेक्ससमध्ये तंबूत उभी राहिली. पुस्तकांत हे गमतीदार किस्से म्हणून येतात. तू ते पुरावा म्हणून वापर. बर्नहार्टचा तो दौरा शूबर्ट बंधू या प्रतिस्पर्धी निर्मात्यांनी आखला होता. सिंडिकेटची मक्तेदारी मोडली तीही त्यांनीच, आणि पुढे स्वतःच इतके मोठे झाले, की 1950 मध्ये सरकारला त्यांच्यावर मक्तेदारीचा खटला भरावा लागला.

आता ओनीलकडे येऊ, पण बापाच्या बाजूने. जेम्स ओनील हा गुणी नट. 'माँटे क्रिस्टो' हे नाटक त्याच्या हाती लागलं आणि तो तीसएक वर्षं गावोगाव तीच भूमिका करत फिरला. पैसा मिळाला, नट संपला. युजीनचा जन्म 1888 चा, तोही न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या हॉटेलात, आणि लहानपण गेलं दौऱ्यावर. या मुलाला नाटकाचा धंदा पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

आराखड्यात नटांचा 1919 चा संप दिसला नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. नटांना तालमीचे पैसे मिळत नसत, मग तालीम कितीही आठवडे चालो. कपडे बऱ्याचदा पदरचे. दौऱ्यात नाटक पडलं, तर मालक कंपनीला परक्या गावात सोडून मोकळा, परतीचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. 'अ‍ॅक्टर्स इक्विटी' ही नटांची संघटना स्थापन झाली 1913 मध्ये, पण निर्माते तिला मोजत नव्हते. 7 ऑगस्ट 1919 ला नटांनी काम थांबवलं. महिनाभर संप चालला आणि इतर शहरांतही पसरला. एथेल बॅरीमोरसारखी तारका संपवाल्यांबरोबर होती. नटी मारी ड्रेसलरने कोरसमधल्या मुलींना संघटित केलं. जॉर्ज कोहॅन, स्वतः नट असून, निर्मात्यांच्या बाजूला गेला. पण पारडं फिरवलं ते पडद्यामागच्या कामगारांनी आणि वादकांनी. ते पाठिंबा द्यायला उतरले, तेव्हा निर्मात्यांना इक्विटी मान्य करावी लागली. हे नीट लिही, नाहीतर प्रकरण तारकांच्या नावांनीच भरून जाईल. आणि हेही लिही, की बिनपगारी तालमीला मर्यादा आली तरी तालमीचा पगार मिळायला आणखी बरीच वर्षं गेली.

आपल्याकडे गंधर्व मंडळीचा इतिहास सांगताना तिच्या कर्जाचा विषय निघतोच. परदेशी रंगभूमीवर लिहिताना मात्र आपण एकदम 'प्रवृत्ती' आणि 'प्रवाह' यांवर का येतो, कोण जाणे.

प्रॉव्हिन्सटाउन या गावातल्या नाटकवाल्यांकडेही याच नजरेने बघ. 1916 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, धक्क्यावरच्या जुन्या मासळीच्या कोठारात ओनीलची पहिली एकांकिका झाली. जॉर्ज क्रॅम कुक आणि सुझन ग्लास्पेल या जोडप्याच्या मंडळींनी ती केली. तिथे तारखा मागायला कोणाच्या दारात जायचं नव्हतं, म्हणून ती होऊ शकली. त्याच उन्हाळ्यात तिथे ग्लास्पेलची 'ट्रायफल्स' झाली. आयोवात बातमीदार असताना तिने एका शेतकऱ्याच्या खुनाचा खटला पाहिला होता, त्यातून ती आली. तुझ्या यादीत ग्लास्पेल 'ओनीलची सहकारी' आहे. ते खोडून टाक आणि तिला स्वतंत्र प्रकरण दे.

पुढे 1920 मध्ये या मंडळींनी केलेलं ओनीलचं 'एम्परर जोन्स' इतकं चाललं, की ब्रॉडवेवर, म्हणजे बड्या व्यावसायिक रंगभूमीवर गेलं, आणि मंडळी विखुरली. 1922 मध्ये कुक ग्रीसला निघून गेला. त्या नाटकात नायकाचं काम करणारा चार्ल्स गिल्पिन हा कृष्णवर्णीय नट. 1921 मध्ये ड्रामा लीग या नाट्यसंस्थेने रंगभूमीसाठी सर्वाधिक काम केलेल्या दहा जणांत त्याची निवड केली आणि त्याला मेजवानीला बोलवावं की नाही यावरून वाद पेटला. संहितेतला कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानास्पद शब्द तो प्रयोगात बदलायचा, त्यावरून ओनीलशी त्याचं बिनसलं. नंतरच्या प्रयोगांत ती भूमिका पॉल रोबसनकडे गेली. ओनीलची बाजू सगळे लिहितात. गिल्पिनची तू लिही, आणि त्याच्याआधीचा कृष्णवर्णीय विनोदी नट बर्ट विल्यम्स विसरू नकोस. त्याचं 1903 चं 'इन डाहोमी' ब्रॉडवेवर गाजलं तेव्हा ओनील शाळेत होता.

संपाचं प्रकरण आधी लिहून पाठव. ओनीलचं नंतर वाचेन.

तुझे सर