तिसरे समीकरण नवे काही सांगते का?

प्रश्न : मी मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झाले असून सध्या बेळगावात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात (बारावीत) विज्ञान शाखेत शिकते. दोन चलांची एकसामायिक समीकरणे मला सहज सुटत असत. तीन चले आली की मात्र पानभर आकडेमोड करूनही मी फिरून पहिल्याच समीकरणाशी येते, आणि कधी कधी शेवटी ० = ० एवढेच उरते. माझे कुठे चुकते? त्यापेक्षा सरळ निश्चयकांची (डिटरमिनंटची) पद्धत वापरावी का? – एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या दोन अडचणी वरवर सारख्या दिसत असल्या, तरी पहिली मांडणीतली चूक आहे आणि दुसरी बहुतेक वेळा चूकच नसते, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या पाहू.

समजा, आठवड्याच्या बाजारात एकाच दुकानातून, भाव न बदलता, तीन घरांनी तांदूळ, तूरडाळ आणि गूळ घेतला, आणि बिलांवर फक्त एकूण रक्कम लिहिलेली आहे. किलोचे भाव अनुक्रमे त, ड आणि ग मानले, तर

२त + ड + ग = ३१० … (१)
३त + ड + २ग = ४२० … (२)
त + २ड + ३ग = ४९० … (३)

येथे पहिला निर्णय म्हणजे कोणते चल घालवायचे, हा. आणि तो एकदा घेतला की शेवटपर्यंत बदलायचा नाही. ड चा सहगुणक (चलाला लागलेला आकडा) दोन समीकरणांत १ असल्यामुळे तोच घालवणे सोयीचे आहे. (२) मधून (१) वजा केल्यास त + ग = ११० मिळते. आता दुसऱ्या जोडीत (३) आलेच पाहिजे, आणि तेथेही ड च गेला पाहिजे : (१) ला २ ने गुणून त्यातून (३) वजा केल्यास ३त − ग = १३०. या दोहोंची बेरीज ४त = २४०, म्हणून त = ६०, ग = ५०, आणि (१) वरून ड = १४०.

फिरून पहिल्या जागी येणारे विद्यार्थी साधारणपणे पहिल्या जोडीतून ड घालवतात आणि दुसऱ्या जोडीतून त. त्यामुळे हाती आलेल्या दोन समीकरणांत पुन्हा तिन्ही चले शिल्लक राहतात. किंवा ते (१) आणि (२) यांचीच जोडी दोनदा वापरतात, (३) ला हातही लावत नाहीत, आणि मग जे आधीच ठाऊक होते तेच नव्या रूपात समोर येते.

आता ० = ० विषयी. तिसरे बिल ५त + २ड + ३ग = ७३० असे असते तर? नीट पाहा : ही पहिल्या दोन बिलांची नुसती बेरीज आहे. ड घालवल्यावर दोन्ही जोड्यांतून त + ग = ११० हेच मिळते आणि वजाबाकीत ० = ० उरते. समीकरणे कागदावर तीन, पण माहिती दोनच बिलांची. त ला काहीही किंमत दिली तरी ग = ११० − त आणि ड = २०० − त घेऊन तिन्ही बिले जुळतात, म्हणजे उकली अनंत आहेत. उघडलेल्या पुस्तकाची तीन पाने जशी शिवणीच्या एकाच रेषेवर मिळतात, तशी या तीन समीकरणांची प्रतले (तीन चलांचे प्रत्येक समीकरण म्हणजे अवकाशातले एक सपाट पृष्ठ) एका रेषेत मिळतात. आपल्या पहिल्या उदाहरणात ती एका बिंदूत मिळत होती. तेच तिसरे बिल ७४० चे असते, तर ० = १० असे अशक्य विधान मिळाले असते; तेव्हा उकल नाही, असे निःशंकपणे लिहावे.

निश्चयकांची पद्धत गॅब्रिएल क्रेमर या स्विस गणितज्ञाने १७५० मध्ये मांडली. निश्चयक म्हणजे सहगुणक चौकोनात मांडून ठरावीक रीतीने काढलेली एक संख्या; वरच्या मूळ उदाहरणात तो −४ येतो. तो शून्य नसल्यामुळे उकल एकच आहे, हे एका आकड्यावरून कळते, आणि हे या पद्धतीचे मोठे बळ आहे. परंतु उकल काढण्यासाठी तीन ओळींचे चार निश्चयक सोडवावे लागतात, त्यात चिन्हांच्या चुका फार होतात; आणि निश्चयक शून्य आला की उकली अनंत आहेत की मुळीच नाहीत, हे तो एकटा सांगत नाही. पीयूसीतील मॅट्रिक्सच्या पद्धतीलाही हीच मर्यादा आहे. माझे स्पष्ट मत असे की आधी निरासाची, म्हणजे वर वापरलेली एकेक चल घालवण्याची पद्धत हातात बसवावी. परीक्षेत विशिष्ट पद्धत मागितली असेल, तेव्हा अर्थातच तीच वापरावी.

हात बसवण्यासाठी दोन चलांचे एक सुंदर उदाहरण आपल्याच कर्नाटकातले आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात ९ महाळुंगे व ७ कवठे यांची किंमत १०७, आणि ७ महाळुंगे व ९ कवठे यांची १०१ दिली आहे. बेरीज केल्यास दोन्ही फळांच्या भावांची बेरीज १३, वजाबाकी केल्यास फरक ३. म्हणून महाळुंग ८ ला आणि कवठ ५ ला. सहगुणकांकडे आधी बघायचे आणि मगच लेखणी उचलायची, ही सवय अशा उदाहरणांनी लागते.

प्रश्न : माझा मुलगा उत्तराचा ताळा पहिल्याच समीकरणात घालून पाहतो आणि थांबतो. एवढे पुरेसे आहे का? – एक पालक, निपाणी

उत्तर : नाही. वरच्याच पहिल्या तीन बिलांत त = ५५, ड = १४५, ग = ५५ घालून पाहा : (१) मध्ये ३१० बरोबर येतात, (२) मध्ये ४२० देखील बरोबर येतात, आणि (३) मध्ये मात्र ४९० च्या जागी ५१० येतात. ताळा तिन्ही समीकरणांत, आणि तोही प्रश्नात दिलेल्या मूळ समीकरणांत पाहायला त्याला सांगा. मध्ये स्वतः तयार केलेल्या समीकरणात पाहिल्यास ते तयार करताना झालेली चूक तशीच लपून राहते.