अंतेवासी : कुठल्या अंताला राहणारा?

विचारणा अशी आहे : चरित्रांतून ‘अमुक स्वामींचे अंतेवासी’ असं वाचायला मिळतं. अंत म्हणजे शेवट, तर हा कशाच्या शेवटी राहतो? आणि ‘अंतर्वासी’ लिहिलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही चालणार. ‘अंतर्’ म्हणजे आत. बौद्ध भिक्खूच्या तीन चीवरांपैकी, म्हणजे वस्त्रांपैकी, कमरेला नेसायचं ते ‘अंतरवासक’. शिष्याचं वस्त्र करायचं नसेल तर ‘ते’वरची मात्रा सांभाळा.

संस्कृतात ‘अंत’चा अर्थ कड, सीमा असा आहे, तसाच सान्निध्य असाही आहे. जवळ या अर्थाचा ‘अंतिक’ त्याच घरातला. ‘अंते’ ही सप्तमी, म्हणजे ‘जवळ’, तेव्हा अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहणारा शिष्य. समास होऊनही त्या सप्तमीचा प्रत्यय गळलेला नाही. याला अलुक् समास म्हणतात. युधिष्ठिर, सरसिज, खेचर हे त्याच जातीचे. तैत्तिरीय उपनिषदात तर गुरुशिष्यांचाच संधी सोडवून दाखवलाय : आचार्य हे पूर्वरूप, अंतेवासी हे उत्तररूप, विद्या हा संधी आणि प्रवचन हे संधान, म्हणजे जोडणारं. व्याकरणाची आवड असणाऱ्याला आणखी काय हवं!

विचारणाऱ्याची शंका मात्र अगदीच निराधार नाही. अमरकोशात हा शब्द दोनदा येतो. एकदा ‘छात्र’च्या जोडीनं शिष्य म्हणून, आणि एकदा चांडाळाच्या नावांत, म्हणजे गावकडेला राहायला लावलेला. मराठीनं पहिलाच अर्थ घेतला.

धर्मशास्त्रात तिसरी छटा आहे, कारागिराकडे काम शिकणाऱ्या उमेदवाराची. याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम असा की कसब लवकर हाती आलं तरी ठरलेली मुदत भरेपर्यंत त्यानं गुरूच्या घरीच राहायचं. जेवण गुरूचं आणि कामाचं फळही गुरूला. नारदस्मृती तर शिष्य आणि अंतेवासी वेगवेगळे मोजते. पाली भाषेत आचार्याजवळ राहणारा तो ‘अंतेवासिक’ आणि उपाध्यायाजवळचा ‘सद्धिविहारिक’.

तेव्हा सरसकट ‘शिष्य’ला पर्याय म्हणून हा शब्द वापरू नये. ‘शिष्य’ हा ‘शास्’ धातूपासून आला, शिकवण्याजोगा तो. राहण्याचा त्यात संबंधच नाही. अनुग्रह घेऊन घरी संसार करणारा शिष्य असतो, अंतेवासी नसतो. दहा दिवसांच्या योगशिबिराला आलेला शिबिरार्थी. आश्रमाच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं राबणारा, पण दीक्षा न घेतलेला, तो आश्रमवासी. अंतेवासी म्हणायला सहवास आणि शिष्यत्व दोन्ही लागतात.

शिवाय त्याची षष्ठी माणसाची हवी, जागेची नव्हे. ‘महाराजांचे अंतेवासी’ बरोबर. ‘मठाचे अंतेवासी’ कानाला खटकतं, कारण जवळीक माणसाशी असते, इमारतीशी नाही. स्त्री असेल तर ‘अंतेवासिनी’, ‘सि’ ऱ्हस्व.