दहाच वस्तू ठेवा, पण प्रत्येकीला दोन गिऱ्हाइकं शोधा

प्रश्न असा आहे: ठाण्यातल्या तुमच्या आर्किटेक्ट मंडळींच्या संघटनेचं वार्षिक संमेलन आहे. त्यात शिष्यवृत्ती निधीसाठी लिलाव ठेवायचाय. साठेक वस्तू जमल्यात, शे-सव्वाशे माणसं येतील. सोबत लकी ड्रॉ ठेवावा का, पैसे मुलांना कसे द्यावेत आणि गडकरी रंगायतनसारखं नाट्यगृह घ्यावं की साधा हॉल? असे लिलाव मी बऱ्याचदा चालवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साठांपैकी पन्नास वस्तू आजच बाद करा, दहाच ठेवा.

विसर्जनाच्या आधी मंडळात प्रसादाच्या नारळाचा लिलाव होतो, तो आठवा. बाजारात किरकोळ किमतीला मिळणारा नारळ काही हजारांना जातो, कारण तो आपल्याकडेच यावा म्हणून हटून बसलेली दोन घरं मांडवात असतात. एकच घर असतं तर शंभरात सुटला असता. लिलावात भाव जिंकणारा ठरवत नाही, त्याच्या आधी थांबणारा ठरवतो. एखाद्याची तयारी पन्नास हजारांची असली आणि समोरचा आठ हजारांवर गप्प झाला, तर वस्तू साडेआठला जाते. बाकीचे त्याच्या खिशातच राहतात. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीचं हे गणित विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१च्या निबंधात मांडलं. पुढे १९९६ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. मंडळवाल्यांना ते त्याआधीही कळत होतंच म्हणा.

तेव्हा वस्तू केवढ्याची आहे ते सोडा, तिच्यासाठी हटून बसतील अशा दोघांची नावं तिच्यासमोर लिहा. नावं सुचली नाहीत तर वस्तू बाद. डिनर सेट, मिक्सर, हॉटेलची कूपनं इथेच गळतात. त्यांची किंमत मोबाइलवर दिसते, तिच्यावर कोण जाणार?

तुमच्या मंडळींत काय चालेल ते सांगते. पन्नाशी ओलांडलेल्यांसमोर लाकडी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर (रेषा मारायची लांब पट्टी) आणि नकाशे काढायच्या रॉटरिंगच्या पेनांचा पूर्ण संच ठेवा आणि गंमत बघा. संगणकावर नकाशे काढायचं ऑटोकॅड आल्यावर ते सगळं माळ्यावर गेलं, पण त्यावर हात बसलेली माणसं अजून प्रॅक्टिस करतायत. ज्येष्ठ सदस्याने हाताने काढलेलं ट्रेसिंग पेपरवरचं नकाशाचं एखादं शीटही चालेल. इमारत ठाणेकरांच्या ओळखीची हवी आणि क्लायंटची हरकत नको.

सगळ्यात जास्त पैसे मात्र वस्तूंना नाही, जाणत्या माणसाच्या वेळेला मिळतात. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये सहा जणांनी वास्तुकार चार्ल्स कोरियांनी आखलेल्या त्या वसाहतीची रचना पाहत फिरायचं, मूळ घरांचं काय उरलं नि रहिवाशांनी काय बदललं ते जाणत्या माणसाकडून ऐकायचं, मग त्याच्याकडेच जेवायचं. यावर तरुण ऑफिसं एकमेकांशी चढाओढ करतात. नवख्यांसाठी 'क्लायंटकडून फी कशी वसूल करायची' यावर एखाद्या मुरलेल्या आर्किटेक्टसोबत शनिवारची बैठक ठेवा. हे दुकानात मिळत नाही, त्यामुळे भावाची तुलनाही होत नाही. चिठ्ठीवर किती जण आणि कोणत्या तारखेपर्यंत ते लिहून द्या, नाहीतर 'बघू, ठरवू' करत वर्ष निघून जातं.

टाइल्स, प्लायवूड, हार्डवेअरच्या कंपन्या वस्तू द्यायला एका पायावर तयार असतील. सांभाळून. आर्किटेक्टांच्या व्यावसायिक वर्तनाच्या १९८९च्या नियमांत पुरवठादारांकडून भेटी, सूट, दलाली घ्यायला मनाई आहे. भेट संस्थेला मिळतेय, सदस्याला नाही, असा वाद घालता येईलही. पण एखाद्या पुरवठादाराने अध्यक्षांसोबतच्या अशा बैठकीवर भरमसाट बोली लावली की हॉलमध्ये कुजबुज सुरू झालीच समजा. पुरवठादारांना बोली लावू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लकी ड्रॉ नकोच. तिकिटं विकून सोडत काढली की ती लॉटरी होते, आणि सरकारी मान्यतेशिवाय ती चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये बसतं. हेतू चांगला होता म्हणून सुटका नाही. कोणीतरी परदेशातून आणलेली बाटली देऊ करेलच (दर वेळी करतं), तीही घेऊ नका. परवान्याशिवाय दारू विकता येत नाही. जुन्या वाड्याचा कोरीव खांब आला तर आधी वय विचारा. शंभरी गाठलेली वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती भानगड कशाला?

लिलाव जेवणाआधी घ्या. जेवण झालं की पनवेलवाले ट्रान्स हार्बरची गाडी आणि घोडबंदरवाले ट्रॅफिकचं नाव सांगून उठतात. अपेक्षित रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सुरुवात करा, दर वेळी किती वाढवायचं ते आधी जाहीर करा. 'एक वार, दोन वार' म्हणणारा माणूस सगळ्यांना नावाने ओळखणारा हवा, आणि त्याने स्वतः बोली लावायची नाही. वस्तूसमोर लिहिलेल्या दोघांना आठवडाभर आधी फोन करा, ती वस्तू येतेय एवढंच सांगा. भाव चढवायला खोटा बोलीवाला मात्र बसवू नका. ही फसवणूकच आहे, आणि आपल्या वर्तुळात ती दुसऱ्या दिवशी उघडी पडते.

शेवटची वस्तू गेली की लगेच थेट देणगीची फेरी. पेनांच्या संचावर आठ हजारांवर थांबलेल्याने आठ हजार द्यायची मनाची तयारी केलेलीच असते, त्याला ते द्यायला जागा हवी. 'निधीला मदत करा' एवढंच म्हणू नका. 'एका विद्यार्थ्याचा वर्षभराचा मॉडेलचा आणि प्रिंटचा खर्च' असं सांगून हात वर करायला लावा. माझ्या अनुभवात ही फेरी लिलावाच्या तोडीची रक्कम आणते, पण बहुतेक संस्था ती घेतच नाहीत.

पैसे त्याच रात्री, संस्थेच्या खात्याच्या क्यूआर कोडवर. खजिनदाराच्या खासगी नंबरवर एक रुपयाही नको. संस्थेकडे ८०जी (देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) असेल तर तिची पावती थेट देणगीदारांना द्या, रोख दोन हजारांवर असेल तर वजावट मिळत नाही हेही सांगा. लिलावात वस्तू घेणाऱ्याने किंमत मोजलेली असते, देणगी दिलेली नसते. वस्तू देणाऱ्यालाही वजावट नाही. हे निमंत्रणपत्रिकेतच छापा, पुढची भांडणं वाचतील. विक्रीवरच्या जीएसटीचं सीएला आधी विचारून घ्या.

आता मुलांना पैसे कसे द्यायचे. तीन लाख जमले आणि ते सात टक्क्यांनी एफडीत टाकले, तर वर्षाला एकवीस हजार सुटतात. बी.आर्क.च्या विद्यार्थ्याचं त्यात काय होणार? त्यापेक्षा एकच विद्यार्थी घ्या, पाच वर्षं दर वर्षी साठ हजार द्या आणि निधी संपू द्या. पुढच्या लिलावातून दुसरा विद्यार्थी. फीसाठी सरकारी योजना आहेत, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटांतल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना तर २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. मुलं अडतात ती लॅपटॉप, मॉडेलचं सामान, मोठ्या ए-वन आकाराच्या प्रिंट आणि स्टडी टूरवर. पैसे तिकडे द्या. निवड समितीत कोणाचा भाचा-पुतण्या अर्जदार असेल तर त्या सदस्याने बाहेर बसावं.

हॉलचं म्हणाल तर नाट्यगृह नको. खिळलेल्या खुर्च्यांत माणसं एका दिशेला तोंड करून बसतात, मागे कोण बोली लावतंय ते दिसत नाही. सपाट जमिनीचा, गोल टेबलं मांडता येतील असा हॉल घ्या, दहाही वस्तू दारातच मांडून ठेवा आणि प्रत्येक वस्तूसमोर नाव लिहिलेले ते दोघे समोरासमोरच्या टेबलांवर बसतील असं बघा.